घाटाकडचा वारा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आत्ता तुम्हाला सांगतोय आणि सांगता सांगता खिडकीबाहेरची झाडं हलतात का, तेही बघतोय – सवयच लागली आहे.

ऐंशीच्या दशकात मोहोपाड्याजवळच्या एका कारखान्याच्या बांधकाम खात्यात मी इंजिनिअर होतो. कामगारांची नवी वसाहत व्हायची होती. दोन उंच इमारती शेजारी शेजारी, खांबांवर उचललेल्या, आणि बसथांब्याची वाट त्यांच्या खालून. तिथून चालणाऱ्याला वाऱ्याचा त्रास होईल का, हे बांधण्याआधीच कॉम्प्युटरवर आकडेमोड करून बघायचं – असलं काम आमच्याकडे पहिल्यांदाच निघालं होतं आणि ते माझ्याकडे आलं. केवढा मिरवलो मी! पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा छातीशी धरून मुंबईला जायचो. वाऱ्याची दिशा बदलली की नवा गठ्ठा, नवी खेप.

वाऱ्याच्या नोंदी आमच्याकडे होत्या त्या मुंबईच्या किनाऱ्यावरच्या. त्यांत जोराचा वारा सगळा समुद्राकडून. पण मी दहिवलीचा, भातशेतीवाल्याच्या घरातला. वळवाचं वादळ आमच्याकडे घाटावरून उतरतं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? चैत्र सरत आला की वडील पेंढ्याच्या उडवीला घाटाच्या बाजूने दोर आवळायचे. सगळं गावच आवळायचं. म्हणून मी गुपचूप एकदा घाटाकडचा वारा घालून पाहिला. इमारतींखालचा आकडा मी दोनदा तपासला. त्या वाऱ्यात धडधाकट माणूससुद्धा पाय रोवून उभा राहिला नसता.

नकाशांवर सही करण्याआधी साहेबांनी मला बोलावलं. "तू इथलाच ना रे? इथे जोराचं वारं कुठून येतं?"

खरं बोललो असतो तर नकाशे परत गेले असते, काम लांबलं असतं आणि – हेच खरं कारण – ते माझ्या हातून निघून मुंबईच्या कुणा मोठ्या माणसाकडे गेलं असतं. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच.

"पश्चिमेकडून, साहेब," मी म्हणालो.

इमारती उभ्या राहिल्या. पहिला उन्हाळा निभावला. पण घाटावर ढग दिसला की माझा जीव टांगणीला लागायचा, जेवण जायचं नाही. बायको म्हणायची, पित्त झालंय.

दुसऱ्या वैशाखात झालं ते. सुमनवहिनी – माझ्या फिटर मित्राची बायको – दळण घेऊन बसमधून उतरल्या आणि इमारतींखालून निघाल्या. वाऱ्याने त्यांना खांबावर आपटलं. खुबा मोडला.

दवाखान्यात गेलो तर मित्र घाबरून त्यांच्यावरच खेकसत होता, "आभाळ दिसलं नाय काय गं तुला? जरा थांबाया काय झालं व्हतं?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं. आणि बोललो काय?

"वहिनी, वाऱ्यावादळात जरा जपून चालायचं हो."

त्यांनी डोळे पुसले. "चुकलंच माजं, भावजी," म्हणाल्या.

त्या पुढे कायमच्या लंगडत चालल्या. कुणी विचारलं की सांगायच्या, माझाच वेंधळेपणा. कितीदा तरी मी तिथेच उभा होतो, आणि ऐकून घेत होतो.