बदली येईपर्यंत

शेजारचा माणूस उठला की तो मान वर न करता विचारायचा, "बदली आली काय?"

तुम्ही चहाला उठलेले असा, निरोप घेऊन निघालेले असा, नाहीतर नुसते पाय मोकळे करायला उठलेले असा, प्रश्न तोच. बदली आली नसताना माणूस उठतो कसा, हे त्याला खरोखरच कळत नसे. मुर्ध्याच्या खाडीवर मिठागरं राखणारा जो बांध होता, त्याच्या उघाडीवर तो राखणदार होता. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी हवं तेवढं आत घ्यायचं आणि दार पाडायचं. उधाणाच्या दिवशी राखणदार हलला तर खाडी आत शिरते आणि हंगामभर पिकवलेलं मीठ जिथून आलं तिथे परत जातं. म्हणून दुसरा माणूस दाराजवळच्या फळीवर येऊन उभा राहीपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही, एवढा एकच नियम त्याला पाठ होता.

अशा माणसाला देशाच्या महासभेत नेऊन बसवलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

इंग्रज एकोणीसशे तीसच्या दशकाच्या सुरुवातीलाच मिठाच्या भांडणावरून निघून गेला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. घाईत गेल्यामुळे त्याचं बरंच सामान मागे राहिलं, आणि जे यायचं होतं त्यातलं काही आलंच नाही. महासभेची नियमावली विलायतेहून मागवली होती. तिचा पहिला भाग पोचला, दुसरा वाटेत कुठल्याशा बंदरात राहिला. पहिल्या भागात सभासदांच्या टोप्या, आसनांची उंची आणि कोणी कोणापुढे किती वाकावं एवढं होतं. सभेचं काम चालायला किमान किती माणसं लागतात, ते बहुधा दुसऱ्यात होतं. त्याची उणीव कोणाला भासली नाही.

त्या सभेत संस्थानिकांना जागा होत्या, गिरणीवाल्यांना होत्या, पदवीधरांना होत्या. ज्या वस्तूपायी राज्य मिळालं तिची आठवण म्हणून मिठालाही एक होती. ती भाईंदरच्या वाट्याला आली.

मी तेव्हा मीठ खात्याच्या भाईंदर कचेरीत कारकून होतो. निवडणूक अधिकारी आला, आगरातली माणसं कचेरीसमोर गोळा केली, आणि लांबलचक भाषण करून त्याने विचारलं, "तर पाच वर्षं दिल्लीत जाऊन बसायला कोण तयार आहे?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. आगरातली रीत अशी की नकोसं काम निघालं की ते हजर नसलेल्याच्या नावावर टाकायचं, कारण तो हुज्जत घालू शकत नाही. मुकादमाने मागे वळून विचारलं, "उघाडीवर कोन हाय?" कोणीतरी नाव सांगितलं. "मंग त्यालाच धाडा," सगळे सुटकेचा श्वास टाकून म्हणाले. अधिकाऱ्याने ‘बिनविरोध’ असं लिहून घेतलं आणि लोकशाही किती खोल रुजली आहे यावर दोन वाक्यं बोलून तो जेवायला गेला.

मी बातमी घेऊन बांधावर गेलो तेव्हा तो गुडघाभर चिखलात होता.

"दिल्लीला काय राखायचंय?"

"देश," मी म्हणालो. त्या वयात मी असं बोलत असे.

"भरती कवा येते तिकडं?"

"भरती नाही हो. खाडीच नाही."

"मंग राखन कशाला?"

त्याची बायको भाकरी घेऊन आली होती. तिने टोपली बांधावर ठेवली, लुगडं खोचलं आणि फळीवर येऊन उभी राहिली. "जावा तुमी. मी हाय," ती म्हणाली. तेव्हा कुठे तो चिखलातून बाहेर आला.

अक्षरओळख नसलेल्या सभासदाला सरकार लेखनिक देई, म्हणून मीही दिल्लीला गेलो. त्याची खुर्ची शेवटच्या रांगेत, एका खांबाच्या आड होती. सारे त्याला ‘मेंबर’ म्हणत, आणि ती हाक आपल्यालाच आहे हे समजायला त्याला वर्ष लागलं. त्याने उत्तनहून आणलेले सुके बोंबील सभासद-निवासात भाजले, तेव्हा त्या वासाविरुद्ध महासभेत ठराव आला. त्या वर्षी एकमताने मंजूर झालेला तेवढा एकच. ठरावाच्या बाजूने मेंबरनेही हात वर केला होता. "वास येतोच," तो मला म्हणाला.

महासभेला सभात्यागाची फार हौस. कोणी कोणाला चुकीच्या पदवीने हाक मारली की निम्मी सभा उठून उपाहारगृहात जाई. मेंबर बसून राही. पहिल्या वेळी विरोधी पुढारी धापा टाकत परत आले.

"अहो, आपण निषेध केलाय! बाहेर चला."

"बदली आली काय?"

पुढारी गोंधळून निघून गेले. पुढच्या आठवड्यात सरकार पक्षाने सभात्याग केला, तेव्हाही हा तिथेच. वर्तमानपत्रांनी त्यात तिसऱ्या राजकीय शक्तीचा उदय पाहिला. एका अग्रलेखाने तर त्याच्या मौनाचे तीन अर्थ दिले होते. मी त्याला ते वाचून दाखवले. "चौथा न्हाय लिवला?" त्याने विचारलं.

चौथ्या वर्षी मीठ सुधारणा विधेयक आलं. भाषा गोड होती. लहान आगरांतल्या मिठाला माती लागते, सबब ती बंद करून एकाच मोठ्या कंपनीच्या हवाली करावीत. मी त्याला कलमं समजावून सांगितली.

"म्हंजे आमची आगरं?"

"जाणार. राई गावची, मुर्ध्याची, सगळी."

"उघाडी?"

"तीही."

त्या दिवशी तो जेवला नाही. मग पंधरा दिवस हा माणूस मीठ रुमालात बांधून एकेका सभासदाच्या दारी गेला. "चाखा, माती लागते काय सांगा." सभासद चाखत, उत्तम आहे म्हणत, मनापासून सहानुभूती दाखवत, आणि मत पक्षाच्या आदेशाप्रमाणे देणार असल्याचं सांगत. शेवटी त्याच्याकडे रिकामा रुमाल राहिला आणि स्वतःचं एक मत.

विधेयकाच्या दिवशीच महासभेच्या सर्व सभासदांचं छायाचित्र निघायचं होतं. दुपारी घंटा झाली आणि सभागृह ओस पडलं. कोण बसणार, कोण उभा राहणार, यावर महिनाभर वाटाघाटी झाल्या होत्या. त्यांत उपाध्यक्षांना दुसरी रांग मिळाली होती, कालवेमंत्र्यांच्या मागे. ते संतापाने अध्यक्षांच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कामकाज चालू राहील."

"साहेब, एकच सभासद आहेत," चिटणीस म्हणाले.

"किती लागतात, नियम दाखवा."

चिटणिसांनी नियमावली उलटसुलट पाहिली. टोप्याच टोप्या होत्या.

"मीठ सुधारणा विधेयक. अनुकूल असतील त्यांनी हो म्हणावं."

बाहेरच्या हिरवळीवरून छायाचित्रकाराचा आवाज आला, "कोणी हलू नका!" कोणी हललं नाही.

"प्रतिकूल?"

"न्हाय," खांबाआडून मेंबर म्हणाला.

"विधेयक नामंजूर."

मी लेखनिकांच्या बाकावरून धावत गेलो. "अहो, आगरं राहिली! चला आता, फोटोत तरी उभे राहा."

त्याने रुमालाने डोळे पुसले. रुमालाला मीठ होतं, त्यामुळे ते आणखी वाहू लागले. पण तो उठला नाही.

नामंजूर विधेयक त्याच सभेत पुन्हा आणू नये, हे कलम मात्र पहिल्या भागातच, वाकण्याच्या नियमांखालच्या एका तळटीपेत होतं. पुढे मंत्री बदलला, आणि नव्याला मिठापेक्षा साखरेत रस होता. ते छायाचित्र आमच्या कचेरीतही आलं. सगळे सभासद छाती काढून बसले-उभे आहेत, उपाध्यक्ष मागाहून चिकटवलेले आहेत आणि खाली बारीक अक्षरात छापलंय : ‘अनुपस्थित : मीठ.’

मुदत संपायच्या आधीच, मुर्ध्याला घरी आलेला असताना, तो तापाने गेला.

रिकाम्या जागेसाठी पुन्हा अधिकारी आला. अधिकारी नवा, भाषण तेच. "कोण तयार आहे?" मुकादम सवयीने मागे वळला, "उघाडीवर कोन..." आणि थांबला. सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"वहिनी हाय," मागून कोणीतरी म्हणालं.

"लिवा," मुकादम म्हणाला.

अधिकाऱ्याने बाईमाणूस चालतं का ते नियमावलीत शोधलं. टोपीचं माप नव्हतं, पण मनाईही नव्हती. मुकादम स्वतः चिखलात उतरून फळीवर उभा राहिला, तेव्हा ती वर आली.

दिल्लीत मी तिला शेवटच्या रांगेत घेऊन गेलो आणि खांबाआडची खुर्ची दाखवली. ती बसेना. मला वाटलं, बुजली असेल. मग तिने थोडं वाकून, घरात झोपलेल्या माणसाला हलकेच उठवावं तसं खुर्चीच्या पाठीला हात लावला.

"उठा आता," ती म्हणाली. "बदली आली."

आणि कोणी उठून वाट मोकळी करून देईल एवढा वेळ थांबून, ती बसली.