काळ्या कापडाखालची बाई

फोटो स्टुडिओच्या सुनेला सगळे फ्लॅश म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. नवीन काही कळलं की हिचा चेहरा असा लख्ख होतो की समोरच्याने डोळे मिटावेत. दिवसभर ती पासपोर्टचे फोटो काढते, "हनुवटी खाली, हसू नका" असं म्हणते, आणि मधल्या वेळात पुस्तकात डोकं घालून बसते. वाचते काय? तर इतिहासाने ज्यांना दाराबाहेरच उभं ठेवलं त्या बायकांबद्दल. मग तिला कुठलं राहवतंय! "अहो, तारे मोजून मोजून डोळे गेले बिचारीचे, आणि छापून आलं साहेबांच्या नावाने!" असं ती फोटोला बसलेल्या गिऱ्हाइकालाच सांगते. त्याला पासपोर्ट हवा असतो. पण तोही बिचारा ऐकून घेतो.

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी स्टुडिओतच तिचं वाचनमंडळ भरायचं. रीत त्यांची त्यांनीच काढलेली. फोटोच्या खुर्चीवर, दिव्यांच्या उजेडात, एकजण बसणार. आपण वाचलेली बाई म्हणजे मीच, असं समजून बोलणार. बाकीच्या तीन प्रश्न विचारणार: तुम्ही कोण? काय केलंत? आणि नाव कुणाचं झालं? खुर्चीवरच्या बाईला मधे तोडायचं नाही. काय रंगायचं म्हणून सांगू! एकदा नर्सबाई लढाईत जखमींना सांभाळणारी बाई होऊन अशी काही बोलली की रस्त्यावरची माणसं काचेला नाक लावून उभी राहिली.

पण सासूबाईंना हे खटकत होतं. स्टुडिओ त्यांच्या नावावर, आणि सासरेबुवा गेल्यापासून त्यांचा शब्द म्हणजे शब्द. "पडदे मळतात, दिवे जळतात, आणि आपल्या धंद्याच्या जागेत हा तमाशा!" परवाच त्यांनी ऐकवलं होतं, "येऊन बघते एकदा. नाही पटलं, तर त्या दिवसापासून बंद." ज्या घरात सकाळ-संध्याकाळ भाजी काय करायची एवढंच बोललं जायचं, त्या घरातल्या बाईला ही एक संध्याकाळ म्हणजे काय होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

ठरल्या दिवशी बायका जमल्या. पाळी फ्लॅशचीच होती, तारे मोजणाऱ्या बाईची. पाठांतर चोख होतं. ती दिवे लावत होती तेवढ्यात सासूबाई आल्या, चालून चालून गुडघे धरलेले. समोर रिकामी खुर्ची दिसली, बसल्या धपकन. नेमकी तीच खुर्ची!

शिंपीणबाई त्या दिवशी पहिल्यांदाच आलेली. तिला नियम पाठ, माणसं अनोळखी. तिला वाटलं, आजच्या बाई ह्याच. मोठ्या उत्साहाने तिने विचारलं, "तुम्ही कोण?"

फ्लॅश हातातला दिवा तसाच सोडून वळली.

"मी कोण?" सासूबाई कडाडल्या. "माझ्याच दुकानात मला विचारतेस?"

"वा! काय आवाज लावलाय!" शिंपीणबाई खूश. "आणि काय केलंत तुम्ही?"

"काय केलं? सगळं केलं!"

बायका खळखळून हसल्या. फ्लॅश पुढे सरसावली, तर मंडळातल्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी तिचा हात दाबून धरला. नियम म्हणजे नियम. शिंपीणबाईने तिसरा प्रश्न टाकला, "आणि नाव कुणाचं झालं?"

सासूबाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. समोर भिंतीवर सासरेबुवांचा हार घातलेला फोटो होता. त्यांनी त्याच्याकडे बोट केलं.

"यांचं," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आलेला. "यांना लांबचं धड दिसायचं नाही. कुणाला कळलं तर धंदा बसला असता. मग हे पुढे उभे राहायचे, मान इकडे करा, खांदा तिकडे करा, लोकांना हसवायचे. आणि त्या जुन्या कॅमेऱ्यामागे काळ्या कापडाखाली डोकं घालून मी. लोकांना वाटायचं, बायको मदतीला उभी आहे. लोक बोलणाऱ्याकडे बघतात गं. बटण मी दाबायची."

मुख्याध्यापिका कशाबशा म्हणाल्या, "म्हणजे माझ्या लग्नाचा फोटो..."

"तूच ना ती, सारखी डोळे मिटणारी? किती फिल्म वाया घालवलीस गं बाई!"

मग काय, नुसता कल्ला! मुख्याध्यापिका हसता हसता रडायलाच लागल्या. नर्सबाई म्हणाली, तिच्या आईबाबांचा फोटोही इथलाच. शिंपीणबाई टाळ्या वाजवत सुटली. फ्लॅशच्या मनात आलं, कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका शोधत बसलो आपण, आणि ही आपल्याच ताटाशेजारी रोज जेवत होती! आनंदाने तिला नाचावंसं वाटत होतं, आणि रागही येत होता.

"आई, इतकी वर्षं मी याच स्टुडिओत कॅमेऱ्यामागे उभी आहे. मला एका शब्दाने नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस?"

फ्लॅश खुर्चीच्या पायाशी फरशीवर बसली, सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता विचारते. पहिल्यापासून सांगा."

सासूबाईंनी सांगायला घेतलं, ते अगदी बालपणापासून. बाहेर दिवे लागले. घरून फ्लॅशच्या नवऱ्याचा फोन आला, जेवायचं काय, म्हणून. फ्लॅशने फोन ठेवला आणि भीत भीत विचारलं, "आई, उशीर झाला. मग आपलं मंडळ... बंद करायचं का?"

"बंद?" सासूबाईंनी डोळे वटारले. "मला अर्ध्यावर उठवतेस होय? अजून माझं लग्नसुद्धा झालेलं नाही!"