राजा ऑफिसला जात नाही

“राजा ऑफिसला जात नाही,” पाच वर्षांची इरा म्हणाली. “तो जस्ट सिट्स इन द कार.”

सारे पालक हसले. मीही हसले.

आखातातल्या अल बर्शा भागातील आमच्या नर्सरीत त्या दिवशी ओपन क्लास होता; पालकांनी भिंतीलगत बसून मुलांचे शिकणे पाहायचे. मी अभिजात कथा शिकवते, पद्धत चाइल्ड-लेड. कथा मी सांगते, पुढचा खेळ मुलांचा. शिक्षिकेने सुधारायचे नाही, थांबवायचे नाही. फक्त विचारायचे, “मग पुढे?”

त्या दिवशीची कथा राज्य गमावलेल्या राजाची होती. मुलांनी निळी चादर पसरून नदी केली होती. एसीच्या गारव्यात चादरीचा धुतलेला, किंचित साबणी वास दरवळत होता. इराने नदीकाठी खुर्च्यांची गाडी केली आणि स्टिअरिंग म्हणून कागदी प्लेट धरली.

“मग पुढे?” मी विचारले.

“राजा क्वीनला फोन करतो, ऑफिसला पोचलो. पण तो मॉलच्या पार्किंगमध्ये असतो. आय वॉज सिक, त्याने मला स्कूलमधून पिक केलं, सो आय सॉ. किंगडम खलास.”

“क्वीनला माहितेय?” नदीत पोहणाऱ्या वेदांतने विचारले.

“नो! सीक्रेट आहे. व्हिसा कॅन्सल होणार, मग ती रडेल.”

हसू विझले. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि त्यावरच बायकोमुलांचा व्हिसा उभा असतो. हे त्या खोलीत कुणालाही समजावून सांगावे लागत नव्हते. इराची आई शेवटच्या खुर्चीवर होती. तिच्या चेहऱ्यावरचे हसू अजून उतरलेच नव्हते; ते तिथे विसरून राहिल्यासारखे दिसत होते.

सुपरवायझर माझ्या कानाशी आल्या. “रेवती मॅडम, थांबवा हे. गाणं घ्या.”

“आता थांबवलं तर तिला वाटेल, आपण काहीतरी वाईट बोललो.”

“अहो, पालक बसलेत!”

तेवढ्यात इराची आई उठली. नदी ओलांडून ती गाडीच्या मागच्या खुर्चीवर बसली.

“राणीला जागा आहे का गाडीत?”

इराने वळून तिला निरखले. “आर यू क्राइंग?”

“नाही गं. राणीला राजाचा राग आलाय. चालव तू.”

खेळ संपल्यावर इराची आई कॉरिडॉरमध्ये फोनवर बोलत होती. मी दप्तरे लावत होते. एक वाक्य कानावर आलेच. “पार्किंगच्या कुठल्या लेव्हलला आहेस ते सांग. आम्ही तिथेच येतो.”

व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी इराच्या वडिलांना जबल अलीतील एका गोदामात काम मिळाले. पगार कमी, पण व्हिसा राहिला.

सुपरवायझरनी मात्र मला नवी सूचना दिली: ओपन क्लाससाठी अशी अभिजात कथा निवडा, जिच्यात घरातले कुणी घरच्यांपासून काही लपवत नाही.

मी अजून शोधते आहे.