ऐनावरचा पांढरा पट्टा

रानपिंगळ्याच्या सर्वेक्षणासाठी मी गेले काही हिवाळे स्वयंसेवक म्हणून कासा गावाच्या पुढे, तलासरीकडील डोंगरांत जात आलो आहे. दिवसा वावरणारे हे लहान घुबड जुन्या झाडाच्या ढोलीत पिल्ले वाढवते. ते झाड पुन्हा ओळखता यावे म्हणून आम्ही खोडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढतो. यंदा एक शेतकरी कसत असलेल्या वनजमिनीच्या प्लॉटमधील ऐनाच्या झाडावर तो मीच ओढला. शेतकरी बाजाराला गेला होता. त्याची वाट पाहावी, असे मनात येऊनही मी थांबलो नाही.

पुढच्या फेरीत तो ऐन आडवा पडलेला दिसला. तिकडे राब भाजण्यासाठी, म्हणजे रोपे लावायची जागा पेरणीआधी जाळून घेण्यासाठी, ऐनाच्या फांद्या दरवर्षी छाटतात. खोडाला सहसा हात लावत नाहीत. येथे खोडच तोडले होते. फुटलेल्या ढोलीत दोन पिल्ले होती. त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

शेतकऱ्याने काही लपवले नाही. “रंग मारला का झाड सरकारचं, नि खालची जागा बी. आमचा वनजमिनीचा दावा अजून पास नाय झाला, साहेब. बापापासून नाचणी करतो इथं.”

“रंग पक्ष्यासाठी होता,” मी म्हणालो.

“पक्ष्याला त्याचं झाड गावत नव्हतं का?” त्याची बायको म्हणाली.

झाड तोडल्याची तक्रार झाली, तर त्याचा दावा बुडणार होता.

“आता वर सांगाल?” त्याने विचारले.

“नाही.”

“साहेब लोक नाय म्हणतात. मग जीप येते.”

ओढ्याजवळ थांबलेल्या आमच्या पथकप्रमुखांना मी सांगितले, की पट्टा न विचारता ओढला होता. तक्रार करायचीच असेल, तर ती आधी माझी करावी. ते म्हणाले, “घरटे गेले, एवढेच कळवू.” आणि पाठ फिरवून चालू लागले.

त्याच प्लॉटमधील ढोलीच्या दुसऱ्या ऐनावरही मी त्याच दिवशी पट्टा ओढला होता. मी परत जाऊन शेतकऱ्याकडून कोयता मागून घेतला आणि रंग खरवडू लागलो. सालीसकट रंग निघाला आणि खालचे ताजे लाकूड लांबूनही दिसू लागले.

“ऱ्हाऊ द्या. आता तर रस्त्यावरून दिसल,” त्याची बायको म्हणाली.

तिने बांधावरची ओली माती आणली आणि खोडाला लिंपू लागली. मीही मूठभर माती उचलली. तिने मला अडवले नाही, पण माझ्याकडे पाहिलेही नाही.