तीन हात मेण

आमच्या ह्यांना वर्कशॉपमध्ये सगळे ‘आरसेमास्तर’ म्हणायचे. अडतीस वर्षं त्यांनी लाकडी फर्निचरला पॉलिश केलं, आणि त्यांच्या हातून गेलेल्या टेबलात वाकून माणसाला भांग पाडता यायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली एक वस्तू सोडली नाही. दारं झाली, कपाटं झाली, माझ्या शिलाई मशीनचं झाकणही झालं. मी म्हटलं, “आता मीच तेवढी उरले.” तर मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, “आधी बरंच घासावं लागेल.”

एवढं लांब वाक्य ते फक्त माझ्याशीच बोलतात. सून घरात येऊन दोन वर्षं झाली, पण दोघांची गाडी “चहा झाला?” आणि “हो, बाबा” याच्यापुढे कधी सरकली नव्हती. वैर नव्हतं, नुसता संकोच. मुलगा नोकरीसाठी परगावी, त्यामुळे मधला पूलही नाही. मला या दोघांचा कधीकधी मनापासून राग यायचा.

सुनेला सायकलचं वेड. बारीक टायरची, वाकड्या हँडलची, एका हातानं उचलता येईल अशी ती सायकल गॅलरीत उभी असायची. दर रविवारी सकाळी ती टेकडीच्या मागच्या अंगानं वर चढायची आणि आमच्या बाजूच्या उतारानं खाली यायची. तो उतार मला कधीच आवडला नाही. वरून सरळ सुसाट खाली येतो आणि शेवटी पाण्याच्या टाकीपाशी एकदम काटकोनात वळतो. वळणावर दगडी भिंत आहे.

त्या आठवड्यात सायकल चिखलानं माखून आली. दोन दिवस हे सायकलीभोवती घुटमळले आणि शेवटी जेवताना म्हणाले, “साफ करू का?” सून इतकी दचकली की “करा ना, बाबा” म्हणताना तिच्या हातातला चमचा खाली पडला.

शनिवारी ती कामावर गेली आणि ह्यांनी बाह्या वर केल्या. आधी साबणाचं पाणी, मग साखळीची एकेक कडी रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं घासली. ब्रश माझा दातांचा होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. जुन्या बनियनच्या चिंध्या करून सांगाडा पुसला, त्यावर मेण चढवलं. संध्याकाळी सून आली तर तिला गॅलरीत आपलं तोंड दिसलं. ती “बाबा!” एवढंच म्हणाली. हे मान खाली घालून नखातला मळ काढत बसले, पण कान लाल झाले होते.

रविवारी ती सहाला निघाली. सातच्या सुमारास आम्ही चहा घेत होतो आणि ह्यांना अजून कालचा आनंद पुरत होता.

“सगळ्यात जास्त त्रास चाकांनी दिला,” ते सांगू लागले. “कडेच्या पट्टीवर काळा थर बसलेला. दोन तास घासला. मग तीन हात मेण. आता माशी बसली तरी घसरेल.”

“कसला थर?” मी सहज विचारलं.

“रबराचा. ते ब्रेकचे ठोकळे असतात ना, ते त्या पट्टीला...”

ते थांबले. कप हातातच राहिला. मग खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, “अगं, जिन्याच्या कठड्याला पॉलिश करायचं, पायरीला कधी करायचं नाही. नव्या कारागिरांना पहिल्या दिवशी हेच सांगायचो मी. आणि मी पायरीलाच पॉलिश केलं.”

त्या पट्टीला धरूनच ब्रेक लागतो, एवढं मलाही कळतं. सपाट रस्त्यावर रविवारी सकाळी ब्रेक लागतो कुणाला? चढावर तर नाहीच. म्हणजे तिला कळणार ते उतारावरच.

फोन केला. वाजत राहिला. सायकलवर असताना ती उचलत नाही. घड्याळात सात वाजून बारा मिनिटं. सव्वासातला ती टेकडीवर पोचते.

स्कूटर मी चालवते, ह्यांना येत नाही. घरातल्या चपलांवरच निघालो. मागे बसून हे एकच घोकत होते, “चल, चल, चल.” मी ओरडले, “मी काय थांबलेय का!” टाकीपाशी वळले, ती भिंत डोळ्यांसमोरून गेली आणि मी वेग आणखी वाढवला. भिंतीपासून जरा वर पोचलो असू, तेवढ्यात वरच्या टोकाला निळा ठिपका दिसला. सून निघाली होती.

हे चालत्या स्कूटरवरूनच उतरले आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. “थांब! थांब!”

“अहो, ती थांबणार कशानं?” स्कूटर कडेला टाकून धावत मी किंचाळले. ह्यांच्या डोक्यात ते शिरेपर्यंत तिनं त्यांना पाहिलं होतं. घरी काहीतरी झालंय असं वाटून तिनं दोन्ही ब्रेक दाबले असणार. वेग कमी झालाच नाही. तिचा चेहरा दिसायला लागला, तोंड उघडं, आणि समोर हे खांबासारखे उभे. मी सदरा धरून त्यांना ओढलं. दोघंही रस्त्याच्या कडेला कोसळलो. सुनेनं हँडल दुसऱ्या बाजूला मारलं. तिकडे पाइपसाठी खणलेल्या मातीचा ढीग होता, त्यात ती सायकलसकट घुसली.

उठून आम्ही धावलो. ती मातीत बसली होती. कोपर सोललेलं, मनगट बघता बघता सुजत होतं. पण डोकं शाबूत, हेल्मेट जागेवर. मी तिला पोटाशी धरून रडले, मला लाज नाही त्याची.

तिनं माझ्या खांद्यावरून ह्यांच्याकडे पाहिलं. “घरी सगळे ठीक आहेत ना, बाबा?” मग आडव्या पडलेल्या सायकलकडे बघून तिचेच डोळे भरले. “सॉरी, बाबा. ब्रेक मीच उशिरा दाबला. तुम्ही दिवसभर खपलात आणि मी पार ओरखडे पाडले.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. गप्प राहिले असते तर तिला कधी कळलं नसतं, आणि मीही बोलले नसते, देवाशपथ.

हे तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसले. “तू वेळेवरच दाबलास,” म्हणाले. “चाकांना मेण मी लावलं. शोभेसाठी. तुझा जीव घेत होतो मी, पोरी.”

तिनं चांगला हात पुढे केला आणि म्हणाली, “उठवा मला. आधी दवाखाना. मग घरी जाऊन ते मेण काढायचं, आणि मी समोर बसून सांगणार कुठे हात लावायचा आणि कुठे नाही.”

“सांग,” हे म्हणाले, आणि तिला उठवताना ढसाढसा रडले.