बाबांच्या पाळीचं घड्याळ

मंडळी, आज सकाळी एक साधं शून्य बघून मला रडू आलं.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही. पण हल्ली विसरायला लागल्यापासून ते रोज पहाटे शर्ट चढवतात आणि विचारतात, "आज खंयची पाळी?" परवा तर एकटेच निघाले होते. आईने लालबागच्या नाक्यावरून परत आणलं.

म्हणून मी जुन्या वजनकाट्यातला एलसीडी काढून मायक्रोकंट्रोलरला जोडला. पाळी असली की तिचा आकडा, सुट्टी असली की शून्य. म्हणजे रोज शून्यच.

पण मधली आडवी रेघ पुसट उमटायची आणि शून्याचा आठ व्हायचा. या काचेवरच्या रेघा उमटवणाऱ्या चार सामायिक, म्हणजे कॉमन, तारा आळीपाळीने चालतात. जिची वेळ नाही तिला मधल्या व्होल्टेजवर ठेवायचं असतं, मी सरळ ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, खेचत होते. रेझिस्टर लावले, प्रोग्राम बदलला, रेघ गेली.

आज शर्टाची बटणं लावता लावता बाबांनी काचेकडे पाहिलं.

"शून्य? आज पाळी नाय?"

"नाही बाबा, सुट्टी."

त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला. आईने चहा ओतला. मी ऑफिससाठी चपला घालत होते, तर म्हणाले, "तू खंय चाललंस गो? तुका पण सुट्टी ना?"

मी चपला काढल्या आणि त्यांच्याजवळ बसले.

उद्याही शून्यच दाखवणार आहे. चुकतंय का हो माझं?