मासा काढतो, काकू

आमच्या तालुक्याच्या गावी केबलवाल्याची स्वतःची वाहिनी होती. तिच्यावर दर गुरुवारी संध्याकाळी दोन माणसं यायची. एक शिंपी आणि एक शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर. डोक्याला सुपाएवढ्या टोप्या घालून दोघं कुठल्यातरी गुडघाभर पाण्यात गळ टाकून बसायचे आणि कानात सांगितल्यासारखं बोलायचे, "हालू नका. मासा लाजरा हाय. नव्या जावयावानी आत बसलाय." परदेशी वाहिनीवर एक गोरा असाच मासे धरत हिंडायचा, त्याची ही नक्कल. गोऱ्याला दर वेळी मासा लागायचा, यांना कधीच नाही. लागायचं काय, तर फुटकं घमेलं, सायकलची ट्यूब, एकदा कुणाचं तरी धोतर. मास्तर ते धोतर उचलून गंभीर तोंडानं त्याचं वजन सांगायचे आणि "जा बाळा, मोठा होऊन ये," म्हणून परत पाण्यात सोडायचे. तालुका हसायचा.

मी हसत नव्हते. ही नक्कल आहे हेच मला कळलं नव्हतं. चाळिशीला टेकलेली, दोन लेकरांची आई, आणि मला वाटायचं, बिचारे किती महिने बसलेत, एकदा तरी लागू दे. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा यायचं नाही. आणि ही शहाणी दुसऱ्याच्या माशासाठी देवाला हात जोडायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला ते दोघं आमच्या शेताजवळच्या पाझर तलावावर आले. मी भाकरीची पाटी घेऊन रानात निघाले होते. केबलवाला खांद्यावर कॅमेरा घेऊन उभा. मी जवळ जाऊन बघितलं, तर गळ नुसताच लोंबतोय.

"मास्तर, गळ रिकामा हाय," मी म्हणाले. "उपाशी गळाला मासा कावून येईल?"

केबलवाल्यानं कॅमेरा माझ्याकडं वळवला. "काकू, मग तुमीच दावा की."

मी आधी नको म्हणाले. शिंप्यानं गळ घातली, आणि गळाला पहिली लागले ती मीच. भाकरीचा तुकडा थुंकी लावून मळला, गोळी करून आकड्याला टोचली आणि पाण्यात सोडली. वर कॅमेऱ्यात बघून उपदेशही केला. "माशाला ज्वारीच लागते. गव्हाची पोळी त्याला पचत न्हाई." जन्मात जिवंत मासा न बघितलेली बाई हे सांगत होती.

तेवढ्यात दोरी ताणली. मी ओढली. पाण्यातून चांदीसारखं काहीतरी उसळलं आणि माझ्या पदरावर येऊन तडफडायला लागलं. काठी सोडून मी मागं सरकले ती थेट भाकरीच्या पाटीत बसले.

शिंप्यानं मासा उचलून पाण्यात सोडला. मास्तर मात्र डोक्याला हात लावून बसले. "काकू, काय केलं हे? मासा लागला तर आमी खायचं काय?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी केबलवाल्याला म्हणाले, "भाऊ, आमी माळकरी माणसं. हे टीवीवर नका दावू."

तो बॅग आवरत म्हणाला, "काळजी करू नका. मासा काढतो, काकू."

घरी आले, पाय धुतले, आणि विचार सुरू झाला. काढतो म्हणजे काय करतो? भाजीतला केस काढतात तसा काढतो, की कोळी मासा काढतो तसा? फोटोसुद्धा काढतातच.

इतर वेळी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच गुरुवारी नेकनूरहून लेकीला मागणी घालणारे बोलणी करायला यायचे होते. ती अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होती, सुट्टीला घरी आली होती. मुलगा तिला आवडला होता. तोंडानं सांगितलं नाही, पण तो बघून गेल्यापासून तिच्या पोळ्या गोल यायला लागल्या होत्या. आणि ते लोक आमच्याहून कडक माळकरी. मुलाची आई कांदासुद्धा खात नव्हती. माझ्या गळ्यातली माळ, पदरावरचा मासा, हे तिनं बघितलं की उठूनच गेली असती.

घरात मी कुणाला काही बोलले नाही. घासलेली भांडी पुन्हा घासली. पायात भोवरा बांधल्यासारखी अंगणातून माळवदावर, माळवदावरून अंगणात. गुरुवारी दुपारी तर विळा घेऊन वर गेले आणि केबलची तार कापून आले. खाली उतरते तोवर शेजारच्या जाऊबाई अंगणात उभ्या. "काय ओ, आमचा टीवी एकाएकी कावून मेला?" आमचा ठणठणीत चालू होता.

आता भरवसा विजेचा. संध्याकाळची वीज आमच्याकडं नेमानं जायची. त्या दिवशी पंखा असा फिरत होता, की जणू त्यालाच मुलगी द्यायची होती.

पाहुणे आले. मुलाचे वडील, आई आणि मामा. पाणी झालं, पीकपाणी झालं. मी मध्येच उठायची, मध्येच बसायची. हे दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, मुंग्या चावतेत का?" तेवढ्यात मुलाच्या वडलांनी घड्याळ बघितलं. "आज गुरुवार ना? जरा टीवी लावा की. ती दोन येडी येत्याल."

टीव्ही लागला. मास्तर आले, शिंपी आला. मग तलाव, आणि पदर खोचून मी. हे सरळ होऊन बसले. मुलाची आई एकदा पडद्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागली. पडद्यावरची मी ज्वारीचं सांगत होते. मामा खोकून हसले. मुलाची आई हसली नाही. दोरी ताणली. मी डोळे मिटायचे म्हणून मिटले, पण एक राहिला उघडा.

पाण्यातून चप्पल वर आली, मागच्या कुठल्यातरी गुरुवारची. लगेच माझं तोंड दिसलं, डोळे बाहेर, जबडा खाली, आणि मी भाकरीच्या पाटीत. मासा कुठंच नव्हता. काढला होता.

मुलाच्या आईनं तोंडात पदर कोंबला तरी हसू मावेना. डोळे पुसत ती म्हणाली, "विहीणबाई, चपलेला एवढ्या भ्यालात व्हय?"

अजून देण्याघेण्याचं निघालं नव्हतं, तारखेचं निघालं नव्हतं. पण बाई विहीणबाई म्हणून मोकळी झाली होती. स्वयंपाकघराच्या दारात लेकीच्या हातातल्या कपबशा वाजल्या.

"भ्याले न्हाई," मी म्हणाले. "ह्यांची हाय का म्हणून बघत होते."

हे आपल्या पायांकडं बघायला लागले. मुलाचे वडील टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "चहा येऊ द्या आता. आन् पोरीला बी बसवा हितं, एकटी आत कशाला उभी हाय?"